भागायचं कशानं?

किराणा दुकानात एकाच कंपनीच्या चहाची दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आहेत. एक २५० ग्रॅमचं, १४५ रुपयांना. दुसरं ४०० ग्रॅमचं, २४० रुपयांना. बहुतेकांचा हात मोठ्या पाकिटाकडे जातो, कारण मोठं घेतलं की स्वस्त पडतं हे आपण धरूनच चाललेलो असतो. इथे मात्र छोटं पाकीट स्वस्त आहे. २५० ग्रॅम म्हणजे अडीच शेकडे, १४५ भागिले अडीच म्हणजे १०० ग्रॅमला ५८ रुपये. ४०० ग्रॅम म्हणजे चार शेकडे, २४० भागिले चार म्हणजे १०० ग्रॅमला ६० रुपये. (या लेखातल्या किमती उदाहरणापुरत्या घेतल्या आहेत. तुमच्या गल्लीतले भाव वेगळे असणारच.)

शाळेत हे गणित ‘एकमान पद्धत’ या नावाने येतं. बारा वह्यांची किंमत ४२० रुपये, तर पाच वह्यांची किती? आधी भागाकार करून एका वहीची किंमत काढायची, ३५ रुपये. मग गुणाकार करून पाच वह्यांची, १७५ रुपये. अनेकांपासून एकाकडे आणि एकापासून पुन्हा अनेकांकडे, एवढाच प्रवास. परीक्षेत बहुतेकांना यात पैकीच्या पैकी मिळतात. गोंधळ होतो तो दुकानात, कारण तिथे प्रश्न कोणी तयार करून देत नाही. कशाला कशाने भागायचं हे आपणच ठरवायचं असतं, आणि सगळी गंमत त्या ठरवण्यात आहे. भागाकार काय, मोबाइलही करून देतो.

एक रुपयाला किती, का एका नगाला किती?

भाजीवाल्याकडे लिंबं ‘दहाला तीन’ मिळतात. पलीकडचा ‘विसाला सात’ देतो. इथे भागाकार दोन्ही बाजूंनी करता येतो. रुपयांना लिंबांनी भागलं तर एका लिंबाची किंमत मिळते: पहिल्याकडे ३ रुपये ३३ पैसे, दुसऱ्याकडे साधारण २ रुपये ८६ पैसे. लिंबांना रुपयांनी भागलं तर एका रुपयात किती लिंबू येतं ते मिळतं: पहिल्याकडे ०.३०, दुसऱ्याकडे ०.३५. पहिल्या प्रकारात लहान आकडा फायद्याचा, दुसऱ्या प्रकारात मोठा. दोन्ही रीती बरोबर आहेत. फक्त एका दुकानाचं गणित एका रीतीने आणि दुसऱ्याचं दुसऱ्या रीतीने केलं की उत्तरांची तुलनाच होत नाही.

खरं तर लिंबांसाठी भागाकाराचीही गरज नव्हती. दहाला तीन म्हणजे विसाला सहा. दुसरा विसाला सात देतोय. संपलं.

हा मुद्दा शाळेत पुरेसा ठसवला जात नाही असं मला वाटतं. ‘एकमान’ या नावामुळे मुलांना वाटतं की एकावर आलंच पाहिजे. प्रत्यक्षात दोन्ही बाजू एका समान मापावर आणायच्या असतात, मग ते माप एक असो, शंभर असो, की वीस रुपये असो. चहाला १०० ग्रॅम सोयीचे, लिंबांना २० रुपये सोयीचे, अंड्यांना डझन किंवा शेकडा. अंड्यांचा घाऊक भाव तर शेकड्यावरच जाहीर होतो. शेकडा ५६० असेल तर एक अंडं ५ रुपये ६० पैशांना आणि ३० अंड्यांचा ट्रे १६८ ला. दुकानदार डझन ८४ ला देत असेल तर तो अंड्यामागे १ रुपया ४० पैसे ठेवतोय. आणि सहा अंड्यांचा चकचकीत डबा ५४ ला असेल, तर तिथे अंडं ९ रुपयांना पडतं.

बाजार समित्यांच्या भावातही हेच. लासलगावला कांद्याचा भाव क्विंटलमागे सांगतात. क्विंटल म्हणजे १०० किलो, म्हणून ‘साडेअठराशे’ ऐकलं की शेवटची दोन घरं सोडून दशांश चिन्ह मांडायचं: किलोला साडेअठरा रुपये. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फळभाज्यांचे भाव वर्तमानपत्रात दहा किलोंचे छापून येतात, तिथे एकच घर सोडायचं. नारायणगाव-पिंपळगावकडे टोमॅटोचं बोलणं २० किलोंच्या क्रेटवर चालतं. क्रेट ३०० ला गेलं तर किलो १५ ला. बातमीतला आकडा आणि आपल्या हातगाडीवरचा आकडा यांची तुलना करण्याआधी ही मापं जुळवली नाहीत, तर ‘घाऊक बाजारात ३०० रुपये झाले’ हे वाक्य भलतंच घाबरवतं.

सोन्याच्या बाबतीत घोळ आणखी बारीक आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ बोलताना तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात १० ग्रॅम असतात. आजीच्या ‘पाच तोळ्यांच्या’ पाटल्या जुन्या मापाने असतील तर त्या ५८ ग्रॅमच्या वर भरतील, नव्या मापाने ५० ग्रॅम. आजचा दहा ग्रॅमचा भाव सरळ पाचाने गुणला तर आठ ग्रॅमचं सोनं हिशेबातूनच निसटतं. गुणाकार अचूक, उत्तर चुकीचं.

त्रैराशिक

एकमान पद्धतीचा थोरला भाऊ म्हणजे त्रैराशिक. तीन राशी माहीत आहेत, चौथी काढायची. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात ही रीत एका श्लोकात येते: फळाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. प्रमाण म्हणजे दिलेलं माप, फळ म्हणजे त्याबद्दल मिळणारी वस्तू किंवा किंमत, इच्छा म्हणजे आपल्याला हवं असलेलं माप. येणाऱ्या उत्तराला इच्छाफळ म्हणतात. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या असल्या पाहिजेत हा त्यातला कळीचा नियम. दोन्ही ग्रॅम, किंवा दोन्ही रुपये.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त केशराचं एक उदाहरण आहे. तीन सप्तमांश निष्कांना अडीच पल केशर मिळतं, तर नऊ निष्कांना किती? निष्क हे नाणं, पल हे वजन. एकमान पद्धतीने जायचं तर आधी एका निष्काचं केशर काढावं लागेल: अडीच भागिले तीन सप्तमांश, म्हणजे पाच पूर्णांक पाच षष्ठांश पल. हा अपूर्णांक पाहून कुणालाही घाम फुटावा. त्यापेक्षा असं बघा: नऊ निष्क हे तीन सप्तमांशाच्या किती पट? बरोबर २१ पट. मग केशरही २१ पट. अडीच गुणिले २१ म्हणजे साडेबावन्न पल. एकावर न उतरता थेट ‘किती पट’ हे पाहिलं की गणित तोंडी होतं. गुणोत्तराचा खरा उपयोग हा. (चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून मठ स्थापन केल्याचा उल्लेख त्यात आहे. खानदेशातल्या शाळांच्या सहली तिथे जायला हव्यात.)

जुन्या मराठी शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. ‘पंधरा सवाया पावणेएकोणीस’ असं मूल धडाधडा म्हणायचं. ही काही नुसती घोकंपट्टी नव्हती. व्यवहार शेर, पावशेर, दीडशेर असा चालायचा, तेव्हा भाव ठाऊक असला की पावणेदोन शेरांचे पैसे ओठांवर यायचे. दशमान पद्धत आली, शेर-मण गेले, पण तोंडातला पाव आणि दीड काही गेला नाही. म्हणून आजही पावणेदोन किलोचे पैसे काढताना १.७५ ने गुणण्यापेक्षा सात पाव मोजणं सोपं. भाव किलोला १४०, म्हणजे पाव ३५ ला. सात पंचे पस्तीस, सात त्रिक एकवीस (दहांचे, म्हणजे २१०), एकूण २४५.

मोठं पाकीट, छोटं पाकीट

दोन पाकिटांची तुलना करायची आणखी एक रीत आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. तिच्यात दोन मोठे भागाकार न करता फरकावर बोट ठेवायचं.

समजा ३५० ग्रॅमची बरणी ११९ रुपयांना आहे आणि ५०० ग्रॅमची १७५ ला. मोठी बरणी घेतली तर १५० ग्रॅम जास्त मिळतात आणि ५६ रुपये जास्त जातात. १५० ग्रॅमला ५६, म्हणजे १०० ग्रॅमला ३७ रुपयांच्या वर. छोट्या बरणीत १०० ग्रॅम ३४ ला मिळत होते. म्हणजे वरचे ग्रॅम महाग विकले जाताहेत, अर्थात मोठी बरणी महाग. पडताळा पाहा: १७५ भागिले ५ बरोबर ३५. हो, ३४ पेक्षा जास्तच.

उलट उदाहरण घ्या. २०० ग्रॅम ४८ रुपयांना, ५०० ग्रॅम ११० ला. जास्तीचे ३०० ग्रॅम ६२ रुपयांना, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण २० रुपये ६७ पैसे. छोट्या पाकिटाचा भाव २४ आहे. इथे मोठं घेण्यात अर्थ आहे. वरच्या ग्रॅमचा भाव छोट्या पाकिटापेक्षा कमी असेल तर मोठं स्वस्त, जास्त असेल तर महाग, हा नियम कधीच चुकत नाही.

शिवाय या रीतीने दुसराही प्रश्न समोर येतो: ते जास्तीचे ३०० ग्रॅम मला हवेत का? दोघांच्या घरात पाच किलोंचा रवा भावात कितीही स्वस्त पडला तरी पोरकिडे लागून दीड किलो टाकावा लागला, तर भागायचं पाचाने नाही, साडेतीनाने. २२५ रुपयांचा रवा किलोला ४५ ला मिळाला असं आपण सांगत फिरतो. तो ६४ ला पडलेला असतो.

वेष्टनावरचा बारीक आकडा

हल्ली वेष्टनावर एमआरपीच्या आसपास ‘प्रति ग्रॅम’ किंवा ‘प्रति मिली’ असा एक छोटा आकडा दिसतो. वैध मापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तिच्यातून हा आकडा आला. वस्तू एक किलोपेक्षा कमी असेल तर ग्रॅमचा भाव, जास्त असेल तर किलोचा. पातळ पदार्थांना तसंच मिलीलिटर आणि लिटर. नगावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंना एका नगाचा. म्हणजे भागाकार कंपनीनेच करून द्यायचा.

फार चांगली सोय आहे, पण डोळे झाकून वापरण्याजोगी नाही. पहिली अडचण मापाची. ८०० ग्रॅमच्या पाकिटावर ‘०.१६ प्रति ग्रॅम’ आणि दीड किलोच्या पाकिटावर ‘१५२ प्रति किलो’ असं लिहिलेलं असतं. ग्रॅमच्या भावाला हजाराने गुणायचं, म्हणजे दशांश चिन्ह तीन घरं उजवीकडे सरकवायचं. ०.१६ चे १६०. आता तुलना करा.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत देतात, आणि स्वस्त वस्तूंना दोन स्थळं पुरत नाहीत. अर्धा किलो पोह्यांचं एक पाकीट २७ रुपयांना आहे. ग्रॅमचा भाव ०.०५४, छापून येतो ०.०५. दुसरं पाकीट २३ रुपयांना. ग्रॅमचा भाव ०.०४६, तोही छापून येतो ०.०५. वेष्टन सांगतं, दोन्हींचा भाव सारखाच. किलोवर नेलं तर एक ५४ ला आणि दुसरं ४६ ला. आठ रुपयांचा फरक दोन दशांश स्थळांत गडप झाला. पोहे, मीठ, रवा अशा हलक्या भावाच्या वस्तूंना हा छापील आकडा बाजूला ठेवून एमआरपी आणि वजन बघावं. केशर-वेलदोड्याला तो उत्तम.

तिसरी अडचण: हा भाव एमआरपीवर काढलेला असतो. दुकानात एका पाकिटावर सूट असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर छापील आकडे निकामी. पुन्हा भागाकार आलाच.

लिटर की किलो?

तेलाच्या पिशव्यांत आणखी एक पेच आहे. एक पिशवी लिटरची, दुसरी किलोची. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. लिटरची पिशवी १५० ला आणि किलोची १६० ला असेल, तर लिटरवाली स्वस्त वाटते. वजनावर आणून बघा: १५० भागिले ०.९१ म्हणजे किलोला जवळपास १६५. किलोची पिशवी स्वस्त निघाली. मधूनच ८०० ग्रॅमची किंवा ८५० मिलीची पिशवीही दिसते, दुरून अगदी लिटरच्या पिशवीसारखी. तिच्याकडे ‘एक पिशवी’ म्हणून बघितलं की फसलात.

तेलाच्या या हिशेबात तापमानही येतं. तेल गरम झालं की पसरतं, म्हणजे तेवढ्याच लिटरमध्ये कमी वजनाचं तेल मावतं. काही उत्पादक पिशवीवर ६० अंश तापमानाचं माप लिहीत होते. सोयाबीन तेलाचं एक लिटर २१ अंशाला सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशाला सुमारे ८९३ ग्रॅम. लिटरमागे २६ ग्रॅमचा फरक. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने उत्पादकांना तापमान न लिहिता निव्वळ माप द्यायला सांगितलं. वजनावर केलेल्या हिशेबाला ही भानगडच नाही, ग्रॅम थंडीत तेवढेच आणि उन्हाळ्यात तेवढेच. तेल, तूप यांचे भाव शक्यतो किलोवर आणूनच बघावेत.

आइस्क्रीम हा याच जातीचा आणखी बिलंदर पदार्थ. ते मिलीलिटरवर विकतात आणि त्यात हवा फेटलेली असते. लिटरभर आइस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे असा अन्न सुरक्षा नियम आहे, त्याच्या वर किती भरेल हे बनवणाऱ्यावर. दोन लिटरभर डबे हातात धरून पाहिलेत तर फरक मनगटाला कळतो.

मासळी बाजारात तर मापच नाही. कोळीण वाटा लावते आणि वाट्याचा भाव सांगते. मेथी-शेपूची जुडी तशीच. छेदात लिहायला आकडाच नसतो, म्हणून तिथे डोळ्याचा अंदाज आणि घासाघीस चालते. भर पावसात मात्र जुडी झटकून घ्यावी. पाण्याला मेथीचा भाव देण्यात काही अर्थ नाही.

ज्याचे पैसे दिले आणि जे पोटात गेलं

मटाराचा हंगाम सुरू झाला की प्रश्न पडतो: ओल्या शेंगा ६० रुपये किलो घ्याव्यात की गोठवलेले सोललेले दाणे १४० ने? शेंगा सोलल्यावर किलोभरातून समजा ४५० ग्रॅम दाणे निघाले. मग ६० भागिले ०.४५, म्हणजे दाण्यांचा भाव किलोला १३३ रुपये. सोलायचा वेळ धरला तर जवळपास बरोबरीच. आणि शेंगा फोफशा निघून ४०० ग्रॅमच दाणे मिळाले, तर भाव १५० वर जातो. कोलंबी, फणस, शहाळं, सोललेला लसूण, सगळीकडे हाच हिशेब: एकदा घरी तराजूवर टरफलं वेगळी तोलून बघितली की त्या वस्तूचं गुणोत्तर कायमचं डोक्यात बसतं.

हापूस डझनावर विकतात म्हणून आपण आंब्याची किंमत मोजतो, आंब्याच्या वजनाची नाही. एकाकडे डझन ८०० ला, आंबा १८० ग्रॅमचा. दुसऱ्याकडे डझन १००० ला, आंबा २६० ग्रॅमचा. नगाला भागलं तर पहिला आंबा ६७ रुपयांना आणि दुसरा ८३ ला, पहिला स्वस्त. वजनाला भागलं तर पहिल्या डझनात २ किलो १६० ग्रॅम, किलोला ३७० रुपये. दुसऱ्यात ३ किलो १२० ग्रॅम, किलोला ३२० च्या आसपास. दुसरा स्वस्त. कोणतं उत्तर खरं? नैवेद्याला आणि शेजाऱ्यांना वाटायला आंबे घेत असाल तर नगाचं. आमरस करायचा असेल तर वजनाचं. भागाकार दोन्हीकडे बरोबर आहे.

सूट, जास्तीचा माल आणि आकसणारं पाकीट

‘२० टक्के जास्त’ आणि ‘२० टक्के सूट’ या दोन्हींची किंमत सारखी नाही. ६० रुपयांना १०० ग्रॅम मिळत होते. २० टक्के जास्त माल दिला तर ६० रुपयांना १२० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम ५० ला. २० टक्के सूट दिली तर १०० ग्रॅम ४८ ला. जास्तीचा माल छेदात जातो, सूट अंशात होते, म्हणून हा फरक. २० टक्के जास्त माल म्हणजे प्रत्यक्षात सोळा-सतरा टक्क्यांची सूट. ‘दोनावर एक फुकट’ म्हणजे तीन नग दोनाच्या पैशांत, नगामागे ३३ टक्के सूट, पण तीन साबण संपवायची तयारी हवी.

याची उलटी बाजू दहा रुपयांच्या पुड्यात दिसते. बिस्किटं, वेफर्स, शाम्पूच्या पुड्या यांची किंमत पाच, दहा, वीस अशा गोल नाण्या-नोटांना बांधलेली असते. कंपनीला भाव वाढवायचा झाला की ती किंमत तशीच ठेवून ग्रॅम कमी करते. १०० ग्रॅमचा पुडा ८० ग्रॅमचा झाला, किंमत दहाच. माल २० टक्क्यांनी घटला, म्हणून भाव २० टक्के वाढला असं वाटतं. भागून बघा: पूर्वी १०० ग्रॅम १० ला, आता साडेबाराला. वाढ २५ टक्के. अर्धा माल गायब झाला तर भाव ५० टक्क्यांनी नाही, दुपटीने वाढतो.

दिवस हेही एक मापच आहे. २८ दिवसांचा मोबाइल रिचार्ज २९९ रुपयांचा असेल, तर डोक्यात बसतं ‘महिन्याला तीनशे’. वर्षाला बारा रिचार्ज, ३५८८ रुपये. पण ३६५ भागिले २८ म्हणजे १३ पेक्षा किंचित जास्त. वर्षाला तेरा रिचार्ज लागतात, ३८८७ रुपये. रोजचा खर्च १० रुपये ६८ पैसे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२२ साली प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवायला लावला, तो याच तक्रारींमुळे. प्लॅन निवडताना दिवसाने भागलं की २८, ५६, ८४ आणि ३६५ दिवसांचे सगळे आकडे एका रांगेत येतात.

गाडीच्या खर्चात दोन दर एकमेकांना भागले जातात. पेट्रोल लिटरला १०४ रुपये, स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर. लिटर वर-खाली उडून जातो आणि उरतात किलोमीटरमागे २ रुपये ३१ पैसे. मापं अशी छाटून पाहिली की कशाला कशाने भागायचं याचं उत्तर तीच देतात. १०४ ला ४५ ने गुणलं असतं तर माप काहीतरी अगम्य आलं असतं.

जिथे एकाचा भाव एकच नसतो

एकमान पद्धत एक गोष्ट गुपचूप धरून चालते: दुप्पट घेतलं की दुप्पट पैसे. जिथे हे खरं नसतं तिथे ती लावायची नाही. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये झालं. तुम्ही ६०० मीटरच गेलात तरी २६ रुपयेच, म्हणजे किलोमीटरला ४३ रुपये. दीड किलोमीटर गेलात तर साधारण १७. ‘काल ६०० मीटरचे २६ झाले, मग आज तीन किलोमीटरचे १३०’ हे त्रैराशिक इथे लागू नाही. आज ५१-५२ च होतील.

विजेचं बिल याच्या उलट वागतं. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, पुढे आणखी जास्त. हिशेबासाठी समजा पहिल्या टप्प्याला ५ रुपये आणि दुसऱ्याला १० रुपये. १५० युनिट जाळले तर पहिले १०० पाचशेचे, पुढचे ५० पाचशेचे, एकूण १०००. १००० भागिले १५०, युनिटला ६ रुपये ६७ पैसे. हा सरासरी भाव. आता पंखे बदलले, जुना फ्रिज काढला आणि महिन्याला २५ युनिट वाचले. किती रुपये वाचले? सरासरीने गुणलं तर १६७ येतात. पण वाचलेले युनिट वरच्या टप्प्यातले आहेत, दहा रुपयांचे. वाचले २५० रुपये. नवा पंखा किती महिन्यांत वसूल होईल हे काढताना भागायचं या २५० ने.